काचेवरची वाफ

सून बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, ही मोठ्या बाईंची पहिली तक्रार होती. दुसरी आणि सातवीही तीच होती. मधल्या तक्रारी चहात साखर कमी घालण्याच्या वगैरे, त्या त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिल्या होत्या.

"आई, हात जरा उजेडात घ्या," सून म्हणाली. म्हणाली कुणाकडे बघून, तर टेबलावर टांगलेल्या कॅमेऱ्याकडे.

"कारखान्यात आई म्हणायचं नाही, असं तूच ठरवलं होतंस ना?"

"हो. बाई, हात उजेडात घ्या."

"घरी आई, इथे बाई. आणि रस्त्यात भेटले तर? अहो काकू?"

सून हसली नाही. कॅमेऱ्याचा स्क्रू पिळत राहिली. बाईंनी हात उजेडात घेतले. हातांचं हे तिसरं शूटिंग होतं. एवढं तर त्यांच्या लग्नातही कुणी त्यांना टिपलं नव्हतं, आणि तेव्हा निदान चेहरा तरी घेतला होता.

बाई पडदे करत. सलाइनच्या नळीत जी छोटी चपटी गाळणी असते, तिच्या आत हा पडदा बसतो. दिसायला पांढरा कागद, पण अंगभर भोकं, आणि भोकं इतकी बारीक की पाणी जातं आणि जंतू अडतो. करायची रीत सोपी. वहीच्या पानाएवढ्या काचेवर मधासारखं दाट द्रावण ओतायचं, पोलादी पट्टीने एका दमात ओढून पसरायचं, थोडं थांबायचं आणि काचेसकट पाण्याच्या टबात बुडवायचं. पाण्यात जाताच तो आरपार दिसणारा थर दुधासारखा पांढरा होतो आणि आपोआप काच सोडतो. झाला पडदा.

"पण भोकं पाडतं कोण?" नवीन असताना बाईंनी मालकांना विचारलं होतं.

"पाणी पाडतं."

बाईंनी मान डोलावली होती. कळलं काडीचं नव्हतं. पाणी कसली भोकं पाडतंय! पण सत्तावीस वर्षं त्यांचा एक पडदा परत आला नव्हता, तेव्हा पाडत असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

आता खोलीच्या दुसऱ्या टोकाला सुनेचं यंत्र उभं होतं. दोन वर्षं खपून तिने ते जुळवलं होतं. रूळ, लांब पट्टा, पट्ट्याखाली टब. बाईंच्या महिन्याचं काम ते एका सकाळी करी. द्रावण तेच, पट्टी तीच, थांबायचे सेकंदही तेच बावीस, बाईंच्या शूटिंगवरून मोजलेले. पडदाही तसाच पांढराशुभ्र पडे. फक्त त्यातून पाणी धड जात नसे.

पाणी जातं की नाही हे बघायचं काम एका जुन्या माणसाकडे होतं. पडद्यावर पेलाभर पाणी ठेवून तो खालचे थेंब बघत बसे, म्हणून सगळे त्याला थेंबमोजे म्हणत. बाईंच्या पडद्यातून पेला चार मिनिटांत रिकामा होई. यंत्राच्या पडद्याला चाळीस मिनिटं लागत.

"ताई, रागावू नका," थेंबमोजे सुनेला म्हणाला होता, "पण तुमचा पडदा नाही, रेनकोट आहे."

बाईंना तेव्हा मनातून गुदगुल्या झाल्या. मग आठवडाभरात मालकांनी सांगितलं, की गुरुवारी रुग्णालयाची माणसं बघायला येणार; तोवर जमलं तर ठीक, नाहीतर यंत्र भंगारात. त्या दिवशी बाईंनी स्वयंपाकघरातून लेकाच्या खोलीतलं बोलणं ऐकलं. त्या ऐकायला गेल्या नव्हत्या, भिंतच पातळ होती.

"मग मी ती दूरची नोकरी घेते," सून म्हणत होती. "इथे तोंड दाखवायला जागा नाही मला."

"आणि आई?"

"त्यांनाही नेऊ."

"आईला? तिची खुर्ची हलवली तर आठ दिवस बोलत नाही ती. मुलीला घेऊन आपण दोघंच जाऊ, आई राहील इथेच."

बाईंनी हातातलं भांडं मुद्दाम आपटलं. खुर्चीचं खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. आणि नात शाळेतून आल्यावर दप्तर त्याच खुर्चीवर टाकते, ते कोण टाकणार?

सोमवारी तिसरं शूटिंगही वाया गेलं. यंत्राने पुन्हा रेनकोट काढला. दुपारी सुनेने कॅमेरा उतरवला, स्टूल ओढलं आणि बाईंच्या शेजारी येऊन बसली, अगदी कोपराला कोपर लावून.

"आता मी डोळ्यांनी बघते. तुम्ही रोजच्यासारखं करा."

बाईंनी द्रावण ओतलं, पट्टी ओढली, आणि थांबल्या. इथे एक गोष्ट होती.

त्या नवीन असताना एकदा थरावर धुळीचा कण पडला होता. तो बघायला त्यांनी मास्क खाली ओढला, वाकल्या, आणि चष्म्याची काच पुसताना करतात तसं त्यांच्या तोंडून नकळत 'हाऽ' झालं. तो पडदा सुरेख उतरला. दुसऱ्या काचेवर त्यांनी मुद्दाम केलं. मग ते अंगवळणीच पडलं. पट्टी ओढायची, इकडेतिकडे बघायचं, मास्क खाली, 'हाऽ', मास्क वर, बुडवायचं. मास्क काढणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं, हा मालकांचा नियम होता. बाईंच्या शेजारी काम करणारी मैत्रीण शिंकेसाठी मास्क काढला म्हणून गेली होती, आणि तिला जाताना बाईंनी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी त्यांची खोड सुटली नाही. कुणी बघत असलं की त्या पट्टी नुसती पुसत बसायच्या आणि माणूस गेल्यावरच काच घ्यायच्या. कॅमेऱ्याची अडचण नव्हती. कॅमेरा हातांवर होता; वरून त्याला फार तर वाकलेलं डोकं दिसे, आणि तो लावून सून यंत्राकडे जाई.

आज मात्र सून कोपराला चिकटलेली. बाईंनी तोंड घट्ट मिटलं, बावीस सेकंद थांबल्या आणि काच बुडवली. एक 'हाऽ' नसला तर काय बिघडतंय?

थेंबमोजेने घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "बाई, अडतीस मिनिटं."

"घड्याळ बिघडलंय तुझं."

"घड्याळ बरोबर आहे, बाई."

सुनेने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

त्या संध्याकाळी त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं आणि चहात मुळीच साखर घातली नाही. हात खिडकीत धरून उलटसुलट बघितले. बोटं तीच होती. मग गेलं काय? द्रावण जुनं असेल. टबातलं पाणी बदललं असेल. ते स्टूल अवलक्षणी असेल. की खरंच हात गेले? माणसाचे केस जातात, दात जातात, तसे हातही न सांगता सवरता जात असतील. 'हाऽ'चा विचार एकदा आला, पण तो त्यांनी झटकला. पाणी भोकं पाडतं म्हणतात ते एक झालं, आता वाफही पाडते म्हणा!

पण झटकलेला विचार सकाळी पुन्हा समोर. मंगळवारी त्या सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेल्या. एका काचेवर 'हाऽ' केलं, दुसरीवर केलं नाही. पहिल्या पडद्याचा कोपरा कातरला, ओळखता यावा म्हणून. थेंबमोजे डबा ठेवतो न ठेवतो तोच दोन्ही त्याच्या पुढ्यात.

कोपरा कातरलेला चार मिनिटांत. दुसरा एकोणचाळीस.

"पुन्हा," बाई म्हणाल्या आणि आणखी दोन करून आणले. पुन्हा तेच. आणखी दोन.

"बाई, आज झालंय काय तुम्हाला?"

"तू थेंब मोज."

सहा पडदे झाले. बाई स्टुलावर बसल्या. म्हणजे करामत हातांची नव्हतीच कधी. ज्या हातांची एवढी कौतुकं झाली, ज्यांचं तीनतीनदा शूटिंग झालं, ते कुणाचेही चालले असते. जे चाललं ते चोरून केलेलं होतं. सत्तावीस वर्षं ज्याला त्या आपलं पाप समजत होत्या तेच काम होतं, आणि काम समजत होत्या ते नुसतं ओतणं आणि बुडवणं. हे हसण्यासारखं होतं की रडण्यासारखं, ते त्यांना ठरवता येईना. आणि सांगायचं तर कसं? एवढी वर्षं एकही ठपका नाही, निवृत्तीला दोन महिने राहिलेले, आणि आता स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की मी रोज नियम मोडत होते?

त्यांनी नाही सांगितलं. मंगळवार गेला. बुधवारची सकाळ गेली.

बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा सून यंत्राशी एकटीच होती. बाई मागे विसरलेला डबा घ्यायला आल्या. सुनेची पाठ होती. तिने चष्मा काढला, बाहीने डोळे पुसले. मग मास्क खाली ओढून चष्म्याच्या काचेवर 'हाऽ' केलं, ती ओढणीने पुसली, दुसऱ्या काचेवर 'हाऽ' केलं.

बाई डबा विसरल्या. सरळ जाऊन आपल्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"इकडे ये. बस. आज सेकंद मोजू नकोस."

"आई, आता काही उपयोग नाही."

"बाई म्हण. आणि बस."

मालक आणि थेंबमोजे नेमके तेव्हाच जेवून आत आले. बाईंनी त्यांना बघितलं. हात क्षणभर थबकला, पण पट्टी ओढून झाली होती आणि थर वाट बघत नाही. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला, वाकल्या, आणि काचेवर एका कडेपासून दुसरीपर्यंत लांबलचक 'हाऽ' सोडला.

"बाई!" मालक ओरडले. "मास्क!"

"सत्तावीस वर्षं असंच करते," बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या आणि काच बुडवली. "घरी पाठवायचं तर हा पडदा तपासून पाठवा."

थेंबमोजेने पडदा लावून पेला ठेवला. चार मिनिटांत तो रिकामा झाला. मालकांना रागवावं की आभार मानावेत ते कळेना, तेव्हा ते खोकले. पडदे शेवटी निर्जंतुक होतातच, असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटले.

सून उभी राहिली होती. "ओली हवा," ती म्हणाली. "बुडवायच्या आधी वरच्या थराला ओलावा मिळतो. नाहीतर त्यावर घट्ट साल धरते, खाली कितीही भोकं असली तरी." मग ती यंत्राकडे पळालीच.

संध्याकाळपर्यंत यंत्राच्या पट्ट्यावर एक पत्र्याची पेटी बसली. आत ओले स्पंज, मागे एक लहान पंखा. बाईंनी चौकट धरली, थेंबमोजेने स्क्रू दिले. पेटीतून कोमट, दमट हवा थरावर सरकत गेली आणि पट्टा टबात उतरला. पहिल्या पडद्याला नऊ मिनिटं, दुसऱ्याला सहा, सातव्याला चार.

गुरुवारी रुग्णालयाची माणसं आली. त्यांनी पडदे उजेडात धरले, पेले ओतले, माना हलवल्या आणि दुपारी खूश होऊन गेली. यंत्र घरघरत राहिलं. बाईंच्या टेबलाशी कुणी आलं नाही. द्रावणाचं भांडं सकाळीच यंत्राकडे गेलं होतं. बाईंनी काचा पुसून एकावर एक रचल्या. शेवटची हातात राहिली. त्यांनी मास्क खाली केला आणि त्या कोऱ्या काचेवर 'हाऽ' केलं. आता ओरडणारं कुणी नव्हतं. वाफ गोल पसरली, कडेकडेने आक्रसली आणि गेली.

सून कागद घेऊन आली. नव्या शोधाच्या पेटंटचा अर्ज होता.

"शोध लावणाऱ्यांत तुमचं नाव घातलंय, आई. इथे सही लागेल."

"वाचून दाखव."

सुनेने मान खाली घालून वाचलं. दमट हवा, तिचं प्रमाण, तिचा वेग, बावीस सेकंद. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. अर्ध्याहून जास्त कळलं नाही. वाफेने भोकं कशी पडतात हे तर अजूनही नाही.

"तीन वेळा माझे हात टिपलेस," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं माझ्या घरात आहेस. एकदा मान वर केली असतीस तर दोन वर्षं वाचली असती."

सुनेने मान वर केली. "मान वर केली तेव्हा तुम्ही तोंड मिटून बसलात की! शेजारीच तर होते सोमवारी. तुम्ही तरी कुठे दाखवलंत?"

थेंबमोजेने घाईघाईने एका रिकाम्या पेल्यात लक्ष घातलं. बाई सुनेकडे बघत राहिल्या. चष्म्यामागे डोळे सुजलेले होते, आणि डाव्या भुवईत एक बारीक व्रण होता. हा कधीचा, हे त्यांनाही आठवेना. बघितलाच नव्हता कधी.

त्यांनी पेन घेतलं आणि म्हणाल्या, "ऐक. मी लबाड आणि तू आंधळी. तरी आठ वर्षं एका घरात निभलं ना आपलं? मग पुढचंही निभेल. कुठे जायचं नाही कुणी. चल, सही कुठे करायची ते दाखव. आणि दाखवताना माझ्याकडे बघ."