सरजाबाईंची सुकडी

माझा स्वभाव तापट. परभणीच्या जनावरांच्या कॉलेजात मी प्रयोगशाळेत नोकर. चौऱ्याहत्तर सालच्या त्या रविवारी चुडाव्याच्या गाडीत बसलो तो भांडायचं ठरवूनच.

माझी बहीण केशर चुडाव्याला दिलेली, तिची सगुणी दीड वर्षाची. आधी बसायची, हसायची. आता मान धरत नव्हती, हाक मारली तरी बघत नव्हती. औरंगाबादच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि इलाज नाही म्हणाले. तेव्हापासून केशरची सासू सरजाबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, "पोटुशी असताना सुनेनं तेलतूप खाल्लं न्हाई, म्हणून पोरीचा मेंदू सुकला." केशर खाली मान घालून ऐकायची. माझं डोकं फिरायचं.

चिठ्ठी मी कॉलेजातल्या बन्सीधर सरांना दाखवली. त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. तेच मी सरजाबाईंना ओसरीवर सुनावलं.

"मावशी, मेंदूतली एकेक पेशी आपल्या पापुद्र्याची चरबी सोताच बनवती. किती बनवायची, कवा थांबायचं, तिचं तिला कळतं. चरबी जुनी झाली की मोडून टाकती. सगुणीत ती मोडायचं रसायनच जन्मापासून न्हाई. मेंदू सुकला न्हाई, चरबी साचायलीय. आईनं काय खाल्लं, काय न्हाई, त्यानं हा आजार होत न्हाई. आता केशरला बोललात तर बगा!"

केशरच्या डोळ्यांना धार लागली. सरजाबाई मात्र भांडल्या नाहीत. भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या.

"म्हंजी... मी सुकडी खाल्ली म्हणून न्हाई?"

"कंची सुकडी?"

"दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला जायचो तवा खायला मिळायची ती. पोटुशी म्हणून केशरला जास्तीची द्यायचे. तिनं निम्मी रोज मला दिली. मी खाल्ली रं, भुजंगा. लय भूक होती."

मी केशरकडे पाहिलं. एवढं ऐकून घेतलं, पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"न्हाई मावशी," मी म्हणालो. "त्यानं न्हाई."

"पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं, सुरुवातीपासून. सगुणी वाचणार नव्हती. ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

दुपारी केशरनं जेवायला वाढलं. ती तूप घालायला गेली तसा सरजाबाईंनी आपल्या भाकरीवर हात आडवा धरला. सगुणी आजारी पडल्यापासून रोजच धरायच्या म्हणे. केशरनं तो हात धरून बाजूला केला आणि तूप वाढलं.