सुईपुरती जागा

"आज मी नाही देणार. सांगून ठेवतो," असं म्हणून नवऱ्याने भरलेली सिरिंज ताटलीत परत ठेवली.

बायको पलंगावर आडवी पडली होती, सहावा महिना लागलेलं पोट उघडं टाकून. "अहो, वेळ टळून चाललीय. द्या ना पटकन."

"पोट बघ की जरा! काळंनिळं झालंय नुसतं. सकाळी दात घासताना रक्त आलं. प्लेटलेट साठ हजारांवर आल्यात, आणि त्यात मी रक्त पातळ करायचं औषध टोचू? डोकं फिरलंय का माझं?"

माणूस सलूनवाला. दिवसभर परक्यांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवायचा, वर गप्पाही हाणायचा. पण ही एवढीशी सुई टोचायची म्हटलं की तो टाळाटाळ करायचा. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कारण शोधलं: हिच्या रक्तात गुठळ्या होतात, त्या वारेत अडकतात आणि बाळाचं पोषण तुटतं. तेव्हापासून रोज हे इंजेक्शन. आता बाळाला वाचवता वाचवता हीच हातची जायची, या धास्तीने त्याला घास उतरत नव्हता.

"बाईंना फोन लावा," ती म्हणाली. "त्या नको म्हणाल्या तर नको. तुमचं तुम्ही ठरवू नका."

त्याने लावला. चाचरत सगळं सांगितलं.

"रक्त थांबलं ना?" बाईंनी विचारलं.

"लगेच थांबलं."

"मग द्या. हा आजारच असा आहे. प्लेटलेट कमी झाल्या तरी गुठळ्या व्हायच्या थांबत नाहीत. इंजेक्शन द्या आणि तिला तसंच इकडे घेऊन या, मला तपासायचंय."

"म्हणजे दोन्हीकडून मरणच की हो!"

"म्हणून तर तपासायचंय. या लवकर."

फोन ठेवून तो पलंगाच्या कडेला टेकला. "कुठे देऊ? जागाच उरली नाही गं."

तिने पोट चाचपलं. एका कुशीला, दोन डागांच्या मधोमध, बोट ठेवलं. "इथे."

"दुखेल."

"दुखू दे. मलाही भीती वाटते हो. पण ते आत्ताच हललं. द्या."

त्याने दिलं. सुई काढून कापसाचा बोळा दाबून धरला. खालून दुकानातल्या गिऱ्हाइकाने हाक मारली, "अहो मालक, येताय ना?"

त्याने बोळा किंचित उचलून पाहिला, आणि पुन्हा दाबून धरला.