व्हय म्हणायची तालीम

"आता आसं समज, मी पोरगी हाय," जयवंता म्हणाली आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

युवराजला हसू फुटलं. पस्तिशीला आलेला गडी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आईसमोर नवरदेवासारखा ताठ बसला होता.

"दात काढू नगं. ती यायच्या आत एकदा सगळं म्हणून घे. बोल, नोकरी करू देशील का?"

"कुणाला, तुला?"

"आरं भाद्दरा, तिला!"

काउंटरमागचा शंभूराज मान खाली घालून कप पुसू लागला. त्यालाही हसू आवरत नव्हतं. दुकान त्याचंच. पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्यानं बारामतीत भिगवण रस्त्याला हे चार टेबलांचं कॉफीचं दुकान काढलं होतं. चिकमंगळूरहून कॉफीच्या बिया आणायच्या, स्वतः भाजायच्या, स्वतः दळायच्या आणि कप पुढे ठेवताना सांगायचं, "पहिला घोट बिनसाखरेचा घेऊन बघा." चहूकडे नजर जाईल तिथवर ऊस, अख्खा मुलूख साखरेवर जगतो, आणि या पठ्ठ्यानं टेबलावरची साखरच उचलून ठेवलेली! मागितली तर द्यायचा, पण तोंड असं करायचा की माणसानं पुन्हा मागू नये. जयवंतानं मागितलीच नव्हती. तिनं एक घोट घेतला, "ह्याच्यापरीस काडेचिराइताचा काढा बरा" असं पुटपुटली आणि कप बाजूला सारला.

ही जागा ठरवली होती मुलीनं. सुकन्या मूळची बावड्याची, बारामतीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. स्थळ आणणाऱ्या दादासाहेबांनी फोनवर तिची अट सांगितली होती. घरी यायचं नाही, पोहे नाहीत, पाव्हण्यांचा घोळका नाही. मुलानं एकट्यानं यायचं आणि कॉफी पिता पिता बोलायचं. पण आपल्या गावाहून, डाळजहून, निघायच्या वेळी युवराजचा धीर सुटला. मोटारसायकल चालू करून तो तसाच बसून राहिला आणि म्हणाला, "आई, तू बी चल. मला एकट्याला काय सुचायचं न्हाय." जयवंता हातातलं काम टाकून मागे बसली. निघताना तेवढा पेढ्यांचा पुडा पिशवीत टाकायला विसरली नाही. जमलं तर तोंड गोड करू, नाही जमलं तर घरी जाऊन खाऊ, असा तिचा हिशेब.

तसं पाहिलं तर युवराजमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती. पाण्याखालची जमीन, स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. शेती करणारा म्हटल्यावर निम्म्या मुली बघायच्या आधीच नकार द्यायच्या, ते सगळ्या गावाच्याच नशिबी होतं. पण ज्या बघायला तयार व्हायच्या त्यांच्यापाशी घोडं पेंड खायचं ते भलत्याच जागी. मुलीनं काहीही विचारलं की हा म्हणायचा, "आईला इचारून सांगतो." राहणार कुठे? आईला विचारून सांगतो. मला पुढे शिकायचंय. आईला विचारून सांगतो. वालचंदनगरची मुलगी शेवटी उठत उठत म्हणाली होती, "मग आईंनाच पाठवायचं होतं की बोलायला!"

ते वाक्य जयवंताच्या काळजात रुतून बसलं होतं. पोराचं लग्न माझ्यापायी अडलंय, एवढंच तिला दिसत होतं. म्हणून ही तालीम.

"पुन्ना सांगते," ती पुढे वाकून म्हणाली, "माझं नाव काढायचं न्हाय. ती काय बी इचारू दे, व्हय म्हणायचं. बारामतीत ऱ्हाशील का?"

"आन मळ्याकडं कोण बघंल?"

"व्हय म्हण रं! लगीन होऊ दे, पुढचं पुढं बघू. बारामतीत ऱ्हाशील?"

"व्हय."

"सैपाकाला हात लावशील?"

"व्हय."

"आसं रडल्यावानी न्हाय. जरा हासून."

"व्हय," तो हसून म्हणाला, आणि जयवंताला वाटलं, आता या पोराला कोण नाही म्हणेल?

काचेच्या दारापाशी स्कूटी थांबली. जयवंतानं चटकन आपला कप आणि पिशवी उचलली आणि ती मागच्या टेबलावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. पदर पुढे ओढून घेतला. बघणाऱ्याला वाटावं, कुणी म्हातारी दवाखान्यातून आली असेल आणि सावलीला टेकली असेल.

सुकन्या आली, बसली, तिनं शंभूराजकडे दोन कॉफी सांगितल्या. दळायचं यंत्र घरघरलं आणि थांबलं. मग दुकान एवढं शांत झालं की कप बशीवर टेकलेलाही ऐकू येत होता. जयवंता जिवाचा कान करून ऐकत होती.

"मी आधीच स्पष्ट बोलते, राग मानू नका," सुकन्या म्हणाली. "नोकरी मी सोडणार नाही."

"व्हय."

"व्हय म्हणजे?"

"म्हंजी, नगाच सोडू. चालू द्या की."

भिंतीकडे तोंड करून जयवंता गालात हसली.

"आणि राहायचं बारामतीतच. मळ्यात राहणं मला नाही जमणार. तुम्ही जाऊन-येऊन शेती बघा."

"व्हय. गाडी हाय. आसं किती लांब हाय?"

"कॉफी कशी वाटली?"

युवराज अडखळला. हा प्रश्न तालमीत नव्हता. "खरं सांगू का? लई कडू हाय."

सुकन्या मोकळेपणी हसली. "मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. बरं झालं, खरं बोललात."

ते हसणं ऐकून जयवंताचा जीव सुपाएवढा झाला. मुलगी गोड होती, सरळ होती. जमतंय, तिनं मनात म्हटलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याला सांगावं, तसं ती मनातल्या मनात म्हणाली, आवं, जमतंय बरं का पोराचं.

"आणि तुमच्या आई?" सुकन्यानं विचारलं.

युवराजचा कप बशीवर टेकला.

"माझ्या बहिणीचं मी बघितलंय," ती शांतपणे सांगू लागली. "तिची सासू वाईट नाही हो. पण दोघींच्या ओढाताणीत ती पार वाळून गेली. मला दोघांचंच घर हवंय. आई अधूनमधून आल्या तर मी हौसेनं करीन त्यांचं. पण कायमच्या नकोत. तुम्हाला हे चालणार नसेल तर आत्ताच सांगा, आपण चांगल्या मनानं उठू."

जयवंताचा हात कपावर तसाच राहिला. तिनं मुलगी होऊन नोकरीचं विचारलं होतं, घराचं विचारलं होतं, स्वयंपाकाचंसुद्धा विचारलं होतं. आपणही कुणाला प्रश्न म्हणून पडू शकतो, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. व्हय म्हण, ती मनातून पोराला सांगत होती, व्हय म्हण, नाहीतर ही पण उठून जाईल. आणि त्याच वेळी, तिचं तिलाच नवल वाटावं अशा तळमळीनं, तिला वाटत होतं की यानं थोडं थांबावं. फार नाही. एकदा नुसतं म्हणावं, आईला इचारून सांगतो.

"व्हय," युवराज म्हणाला. "आई डाळजलाच ऱ्हाईल. तिला एकटीची सवय हाय."

पहिला शब्द तिनंच शिकवलेला होता. पुढचं वाक्य मात्र त्याचं त्यानं जुळवलं होतं.

एकटीची सवय! नवरा गेल्यापासून तिनं त्या घरात एकटीनं एक रात्र काढली नव्हती. शेतातल्या पंपाला रात्रीची लाइट असली आणि युवराज उसाला पाणी द्यायला गेला, तर तीही बॅटरी घेऊन बांधावर जाऊन बसायची. सापाकिरड्याचं भय म्हणून सोबतीला आले, असं त्याला सांगायची. खरं भय रिकाम्या घराचं होतं, आणि तेही त्याला ठाऊक होतं. एकदा तोच म्हणाला होता, "आई, तुला एकटीला घरात करमत न्हाय, व्हय ना?"

तिला मुलीचा राग आला नाही. मुलगी जे बोलली ते तोंडावर बोलली. राग आला तो पोराचा, आणि आला तसा गिळावा लागला. आपलेच दात, आपलेच ओठ. व्हय म्हणायला लावणारी तीच होती. पण इतक्या लवकर, इतकं सहज म्हणायला तिनं सांगितलं नव्हतं. तिनं समोरचा कप तोंडाला लावला. गार झालेली काळी कॉफी घोट घोट करत ती सगळी प्यायली.

मागे खुर्च्या सरकल्या. "दादासाहेबांना फोन करते मी," सुकन्या म्हणाली. "आमच्याकडून होकार समजा." दार उघडलं, मिटलं, स्कूटी गेली.

युवराज जवळजवळ धावतच आला. चेहरा लहानपणी कुस्तीतला नारळ जिंकून आला होता तसा. "आई! जमलं! तू शिकीवलं तसंच सगळं बोललो बघ."

"व्हय का?" जयवंता म्हणाली. "मला काय सुदिक ऐकू आलं न्हाय. त्ये मशीनच लई वाजत हुतं."

काउंटरमागच्या शंभूराजनं यंत्राकडे पाहिलं. ते मघापासून बंदच होतं. तो पुन्हा कप पुसू लागला.

"काय काय इचारलं तिनं?"

"नोकरीचं. बारामतीत ऱ्हायचं."

"माझं काय इचारलं?"

युवराजनं तिच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं, मग दाराकडे. "न्हाय. तुझं काय न्हाय."

"बरं झालं," ती म्हणाली.

पिशवीतून तिनं पेढ्यांचा पुडा काढला. एक पेढा युवराजला भरवला, त्यानं एक तिला भरवला. तोंडातला कडूपणा काही जाईना. पेढा नुसता घोळत राहिला. मग ती काउंटरपाशी गेली आणि शंभूराजपुढे पुडा धरला. "घे बाबा. माज्या पोराचं जमलं."

शंभूराजनं दोन्ही हात पुढे करून पेढा घेतला. "काकू," तो खालच्या आवाजात म्हणाला, "साखर घालून दुसरी कॉफी करून देऊ का? माझ्याकडून."

"नगं रं. पिली मी. समदी पिली."

बाहेर ऊन कलतं झालं होतं. युवराजनं मोटारसायकल वळवून उभी केली. तो शीळ घालत होता. ती शीळ जयवंतानं कितीतरी दिवसांनी ऐकली. येताना तिचा उजवा हात सबंध वाट त्याच्या खांद्यावर होता. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याच्या सायकलवर आणि आता पोराच्या गाडीवर, तिला बसायची तेवढी एकच रीत माहीत होती. ती मागे बसली. हात नेहमीसारखा उचलला गेला, आणि तिनं तो खाली घेतला. पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं सीटमागची लोखंडी दांडी धरली. उन्हात राहून ती चांगलीच तापली होती.

युवराजला खांदा मोकळा वाटला असावा. त्यानं शीळ थांबवून मागे न बघता विचारलं, "आई, नीट बसलीस न्हवं?"

"व्हय," जयवंता हसून म्हणाली.