बिनखुणेची दोन कोकरं

मेंढ्या कोंडायच्या दगडी वाडग्याच्या आत पाय टाकायचा नाही, असं स्टेनवरने गाडीतच ठरवून टाकलं होतं. सत्तर वर्षांत मेंढ्यांच्या निवडणीला ती कधी बाहेर उभी राहिली नव्हती. पण गेल्या नाताळाआधी तिने ग्राउहोलचं घर, गवताळ रानं, मेंढ्या आणि मेंढ्यांच्या कानावरची खूणसुद्धा एका तरुण जोडप्याला विकली आणि ती समुद्रकाठच्या गावात लेकीजवळ राहायला गेली. ज्याची एकही मेंढी नाही त्याने आत जाऊन करायचं काय? पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं.

सप्टेंबरातला शनिवार होता. डोंगरमाथ्यावर पहिलं बर्फ भुरभुरलं होतं आणि उतारावरची खुरटी झुडपं लालभडक झाली होती. उन्हाळाभर मोकाट चरलेल्या मेंढ्या तीन दिवस हाकारून खाली आणल्या होत्या. वाडग्याच्या मधल्या गोलात त्या नुसत्या दाटल्या होत्या. भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे खण होते, घराघराचा एकेक. लोक शिंगं धरत, कानाची कापखूण बघत आणि मेंढी दोन पायांत धरून आपापल्या खणाकडे ओढत नेत.

स्टेनवर भिंतीला टेकून उभी होती. शेजारी लेक हेर्दीस थर्मासमधून कॉफी ओतत होती. समोर ग्राउहोलची नवी मालकीण सोल्दीस घामाघूम होऊन एका धिप्पाड मेंढीशी झटत होती.

"अगं ए, ती आपली नव्हे!" स्टेनवरच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे तुझी नव्हे. पलीकडच्या टेकडीवरच्यांची आहे. तोंड बघ ना, कसं रुसल्यासारखं आहे!"

"आजी, मला सगळ्या रुसल्यासारख्याच दिसतात!" सोल्दीस ओरडली. "सकाळपासून ही चौथी. लोक हसतायत मला."

"आई, कॉफी घे आणि गप्प बस," हेर्दीस म्हणाली.

स्टेनवरने पेला घेतला, ओठाला लावला आणि तसाच भिंतीवर ठेवला. गर्दीत एक वाकडं शिंग दिसलं होतं. त्याखाली तांबूस तोंड, अंगावर दोन वर्षांची लोकर, त्यातली निम्मी गोधडीसारखी मागे फरफटत होती.

"ग्रिब्बा!"

सत्तरीची बाई भिंतीवरून आत कशी उतरली ते हेर्दीसलाही कळलं नाही. स्टेनवर मेंढ्यांना ढोपरांनी सारत गेली आणि तिने ते शिंग घट्ट धरलं. गेल्या शरद ऋतूत ही मेंढी खाली आलीच नव्हती. दरीत पडून मेली असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"ब्रांदुर! इकडे ये!"

हाकाऱ्यांचा म्होरक्या ब्रांदुर लंगडत आला. त्याला सगळे डोंगरराजा म्हणत. मान असा की चूक झाली तर शिव्या त्याने एकट्याने खायच्या.

"डोंगर झाडून काढला म्हणून गेल्या वर्षी तीन वाट्या सूप ओरपलंस ना?" स्टेनवर म्हणाली. "मग ही काय?"

ब्रांदुरने तपकीर ओढली. "झाडूनच काढला होता. कोपऱ्यात थोडा केर राहतोच."

तेवढ्यात सोल्दीसचा नवरा एविंदुर आला. मेंढीच्या कानावर ग्राउहोलची खूण होती आणि खूण आता त्याची होती. स्टेनवरने शिंग सोडलं. सोडताना बोटं जड झाली. तो 'ही माझी' म्हणाला असता तर तिला काही बोलता आलं नसतं.

"आम्ही घेतल्या त्या गोठ्यात होत्या तेवढ्या," एविंदुर म्हणाला. "ही डोंगरावर होती. ही तुझी, आजी."

स्टेनवरने मान वळवून नाक पुसलं. थंडी होतीच तशी.

दुसऱ्या टोकाला मात्र वेगळाच गलका चालला होता. कानाला कसलीच खूण नसलेली दोन कोकरं सापडली होती, दोघांचीही तोंडं तांबूस. खुणेवाचूनचं जनावर गावाचं, ते लिलावात जायचं, हा जुना नियम होता. आई ठरली तरच ते आईच्या मालकाचं.

"ग्रिब्बाचीच आहेत ती," स्टेनवर म्हणाली. "डोंगरात विणारी दुसरी कोण असणार?"

"आणि बाप?" कुणीतरी विचारलं.

"ब्रांदुरचा मेंढा!" स्टेनवर म्हणाली. "तोही डोंगरातच राहिला होता, जानेवारीत हाडं खुळखुळवत एकटाच घरी आला होता की!"

वाडगं हसण्याने दणाणलं. ब्रांदुर लाल झाला. "म्हणजे मी आजोबा झालो म्हणायचं. पण नियम तो नियम. कोकरं सांगतील."

एक खण रिकामा केला. आत ग्रिब्बा आणि आणखी दोन मेंढ्या सोडल्या.

"कुणी हाक मारायची नाही," ब्रांदुरने बजावलं. "विशेषतः तू."

स्टेनवरने दोन्ही हात मागे बांधले. लिलावात कोकरं कुणीही घेतली असती. पण एकट्या मेंढीला घेऊन ती पुन्हा पाहुणीच राहिली असती, पुढल्या वर्षी त्याच भिंतीशी. कोकरं म्हणजे कळप. लहान का असेना, कळप.

फळी उघडली. पहिलं कोकरू धावत गेलं ते थेट भलत्याच मेंढीपाशी. तिने त्याला अशी ढुशी दिली की ते कोलमडलं. दुसरं दारातच थबकलं. स्टेनवरने ओठ दाताखाली धरला. ग्रिब्बा कोपऱ्यात गवत चघळत होती, जणू तिचा कशाशी संबंधच नव्हता.

मग तिने मान वर करून एकदाच, जाड्याभरड्या आवाजात साद घातली.

दोन्ही कोकरं तीरासारखी सुटली. एक या बाजूने, एक त्या बाजूने, आचळाला डोकी धडकवत प्यायला लागली आणि आईची मागची पावलं जमिनीवरून उचलली गेली.

"घ्या!" स्टेनवरने जवळच्या माणसाला मिठी मारली. तो ब्रांदुरच निघाला.

"बरं, बरं. सोड, बायको बघतेय. खूण कुठली कापू?"

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की स्टेनवरला खूणच नव्हती. इथे जन्मलेल्या लेकराला आजोबा खूण देतात, आणि ही बाई सत्तरीत बिनखुणेची! खुणांचं पुस्तक आलं, चार म्हातारी डोकी त्यावर वाकली. उजव्या कानाला पुढून खाच आणि डाव्याचं टोक तिरकं, ही खूण मोकळी निघाली.

"शोभते का मला?" स्टेनवरने स्वतःचे कान धरून विचारलं.

"आई, आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो," हेर्दीस म्हणाली. "यांना बाल्कनीत ठेवणार आहेस?"

"आमच्या गोठ्यात ठेवा," सोल्दीस घाईने म्हणाली. "भाडं म्हणून मला तोंडं ओळखायला शिकवायची. आणि मेमध्ये वेताच्या वेळी यायचंच, आजी. मला भीती वाटते गं."

"भीती कसली? मेंढीला येतं ते काम. आपण फक्त जागं राहायचं."

दुपारी ग्राउहोलचा कळप रस्त्याने निघाला. सगळ्यांत मागे काठी घेऊन स्टेनवर चालली होती आणि सोल्दीसला एकेका मेंढीचं घराणं सांगत होती. ही चोरटी, हिची आजीही चोरटी. ती भित्री, पण दूध भरपूर.

मागून हेर्दीसने काच खाली केली. "आई, अकरा किलोमीटर आहेत! गाडीत बस!"

"माझी जनावरं सोडून?" स्टेनवरने मागे न बघताच म्हटलं.

हेर्दीसने काच वर केली. तिच्यामागे पाहुण्यांच्या सात-आठ गाड्या खोळंबल्या होत्या. कुणीही हॉर्न वाजवला नाही.