दहा श्वासांची नळी

मित्रांनो, मी एक जुनी, वाकडी नळी आहे. लोक मला स्नॉर्केल म्हणतात. माझे एक टोक पोहणाऱ्याच्या तोंडात आणि दुसरे पाण्याच्या वर, एवढीच माझी रचना. माझ्यात ना यंत्र, ना बटण. पाण्यात चेहरा बुडवूनही माणसाला श्वास घेता यावा म्हणून एका कारखान्याने मला साच्यातून काढले आणि तोंडाशी मऊ रबर बसवले. तेव्हा मी पिवळीधमक होते. आता माझा रंग पार विटला आहे.

पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खोल कसे उतरायचे, हे शिकवणाऱ्या एका बाईने मला घेतले. तिची भाची तिच्याच हाताखाली तयार होत होती. भाचीचे ऐकून शिकायला येणारे सगळेच तिला आत्या म्हणू लागले.

आत्याची एक रीत होती. पाण्यात उडी मारली की ती लगेच खाली जात नसे. पालथी तरंगत माझ्यातून मोजून दहा श्वास घेई आणि इतरांनाही घ्यायला लावी. वरची हवा आहे तोवर टाकीला हात लावायचा नाही, असे तिचे म्हणणे. घाबरलेल्या माणसाचे पहिले तीन-चार श्वास धापा टाकत येत, आठव्यापर्यंत तो निवांत होई. शिवाय तेवढ्या वेळात खालचा तळ कोणत्या बाजूला सरकतो आहे ते दिसे, म्हणजेच प्रवाह आपल्याला कुठे ओढतो आहे ते कळे.

पहिल्यांदा तिने मला तोंडात धरले तो दिवस मी कसा विसरेन? वर आकाश होते आणि खाली निळाईत उतरत गेलेली प्रवाळाची भिंत. तिचा शेवट कुठे दिसतच नव्हता. हजारो मासे एकदम वळत होते आणि एकालाही दुसऱ्याचा धक्का लागत नव्हता. आत्याचा श्वास माझ्यात क्षणभर अडकला. मला वाटले, एवढे सगळे इथे रोज चालते आणि वर कुणाला पत्ताही नाही!

पण माझे दिवस फिरले. एकदा बुडालेल्या जहाजापाशी मी जुन्या दोरात अडकले. मी आत्याच्या नाकाडोळ्यांवरच्या काचेच्या मुखवट्याच्या पट्ट्याला लावलेली होते, त्यामुळे मुखवटा निम्मा निघाला आणि आत पाणी शिरले. भाचीने दोर कापून तिला सोडवले. वर आल्यावर भाची म्हणाली, “खाली ही नळी म्हणजे नुसतं लोढणं आहे, आत्या. पाठीवर टाकी आहे ना?”

आत्याने मला पट्ट्यावरून काढले. खरे सांगायचे तर, खोल पाण्यात माझा काडीचा उपयोग नसतो, हे मला ठाऊक होते.

त्यानंतर तीन वर्षे मी सामानाच्या खोलीत खिळ्याला लटकून काढली. माझ्यात कोळ्याने संसार थाटला. दहा श्वासांची रीतही हळूहळू मागे पडली. बोट चालवणाऱ्या माणसाला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणत. त्याने एकदा मला रंग ढवळायला उचलले. आत्याने त्याची अशी हजेरी घेतली की भोंगा दिवसभर कुजबुजत बोलत होता. आपली आठवण कुणाला तरी आहे, हे कळून मला फार बरे वाटले.

पुढे आत्याच्या कानांनी दगा दिला. आता आणखी एकदाच उतरा, मग खोल पाणी बंद, असे डॉक्टरांनी बजावले. शेवटच्या फेरीसाठी तिने मला खळखळून धुतले आणि मुखवट्याला लावू लागली. भाचीने मला तिच्या हातातून काढून घेतले, पण फेकले नाही. स्वतःच्या पोटरीवरच्या सुरीच्या पट्ट्यात खोचले. आत्याने दहा बोटे दाखवली. भाचीने हसून थेट खाली उतरायची खूण केली.

खाली तो आला. आधी रुंद डोके दिसले, मग पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले अंग येत राहिले, येतच राहिले. आमच्या बोटीहून लांब असा तो मासा शेपटीच्या एका संथ हेलकाव्याने आमच्याजवळून गेला. त्याने आमच्याकडे पाहिले की नाही, देव जाणे. दोघी भान हरपून त्याच्या मागे गेल्या. बोटीच्या नांगराचा दोर मागे राहिला आणि प्रवाहाने त्यांना अलगद दूर नेले.

वर आल्या तेव्हा बोट ठिपक्याएवढी दिसत होती. भोंगा श्वासाचे बुडबुडे पाहून माग काढत असे, पण वाऱ्याने लाटा फेसाळल्या होत्या. आत्याची टाकी संपली होती. भाचीने आपल्या टाकीतली उरलीसुरली हवा खुणेच्या लांब नारिंगी फुग्यात भरली आणि तो उभा धरला. अंगातल्या फुगवलेल्या जाकिटांमुळे दोघी तरंगत होत्या, पण प्रत्येक लाट तोंडावर फुटत होती. आत्या खोकू लागली. तिचे ओठ पांढरे पडले.

भाचीने पोटरीवरून मला ओढले आणि आत्याच्या तोंडात दिले.

आत्याने दहा श्वास घेतले, मला काढले आणि भाचीच्या तोंडाशी धरले. भाची मान हलवू लागली.

“दहा तू, दहा मी,” आत्या म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवशी एवढे मोठे आकाश माझ्यासारख्या बोटभर रुंद नळीतून घोटाघोटाने दोन माणसांत उतरत होते. लाटेने मी भरले की त्या जोरात फुंकत आणि मी पुन्हा मोकळी होई. आत्याच्या दातांखाली माझे रबर चिरले, पण मी श्वास अडू दिला नाही. असे किती दहा झाले, ते मलाही सांगता येणार नाही.

भोंगा दिसण्याआधी ऐकू आला. दोघींना वर ओढताना तो रडत होता आणि ओरडतही होता.

बोटीत भाचीने आत्याला कोरड्या चादरीत गुंडाळले. मग भाची म्हणाली, “आधी दहा श्वास घेतले असते, तर प्रवाह कळला असता.”

“आणि मी हिला मुखवट्याला लावलं असतं, तर परत कुठंतरी अडकले असते,” आत्या म्हणाली.

आता भाची शिकवते. तिथल्या प्रत्येकाच्या पोटरीला एक नवी नळी असते. आधी दहा श्वास होतात, मगच सगळे खाली जातात. माझ्या नव्या बहिणींसाठी एवढेच मागते: त्यांना गोड्या पाण्याने धुवा, उन्हात टाकू नका, वाटेत येत असतील तर बाजूला बांधा, पण घरी विसरू नका.

मी मात्र आत्याकडेच आहे. ती आता कमरेएवढ्या पाण्यापर्यंतच जाते. चेहरा बुडवते आणि माझ्या चिरलेल्या रबरातून दहा श्वास घेते. थोडे पाणी आत येते, तिला चालते. दहा झाले की ती मला तोंडातून काढते आणि शेजारी उभ्या असलेल्या भाचीपुढे धरते.