तिवईचा निघालेला पाय

मित्रांनो, मला पाय तीनच आहेत, पण म्हणून मला लंगडी समजू नका. मी बाभळीच्या लाकडाची एक जुनी तिवई आहे. येलदरीच्या सूर्यभान सुतारांनी मला गोठ्यात धार काढताना बसायला घडवलं. गोठ्याची जमीन कधी सपाट नसते. तिथे खुर्च्या डुगडुगतात. मला मात्र कुठेही ठेवा, मी ठाण मांडून बसते. एवढा तोरा मला शोभतो!

पुढे म्हैस विकली गेली आणि मी अडगळीत पडले. सूर्यभान यांची सून सत्यशीलाबाई हायस्कुलात शिकवतात. रविवारी मिस्साची प्रार्थना झाली की त्या चर्चमागच्या खोलीत नववी-दहावीच्या मुलांना कॅथलिक धर्मशिक्षणही देतात. एके दिवशी त्यांनी मला धुऊनपुसून वर्गात नेलं आणि टेबलावर ठेवलं. माझ्या एकेका पायाला हात लावत त्या म्हणाल्या, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. पाय तीन, पण तिवई एकच." पवित्र त्रैक्य शिकवायला मी! छाती असती तर नक्की फुगली असती.

मग वर्गात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. माझ्यावर चपला ठेवल्या जाऊ लागल्या. वर्गातला पंकज तर माझ्यावर बसून झोके घ्यायचा. त्यानेच माझा एक पाय ढिला केला.

यंदा दृढीकरणाआधी, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराआधी, मुलांची तयारी पाहायला संभाजीनगरहून एक वयस्कर फादर येणार होते. तयारी कच्ची दिसली तर संस्कार पुढच्या वर्षी, आणि दहावीनंतर पोरं नांदेड-लातूरला पांगणार. बाईंना घोर लागला होता. त्यांनी मला पुन्हा टेबलावर मांडलं.

"त्रैक्य म्हणजे काय?" फादरांनी विचारलं.

"तिवईवानी, फादर!" पंकज घडाघडा बोलला. "पाय तीन, तिवई एक."

फादरांनी कौतुकाने मला उचललं, आणि माझा ढिला पाय खाडकन फरशीवर पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! फादरांनी तो पाय उचलून पंकजपुढे धरला. "मग हा पिता का?"

पंकजने बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात दहावीतली राजेश्री उठली. दर रविवारी माझ्यावर बसून, प्रश्न विचारून बाईंना भंडावणारी पोर ती.

"न्हाई, फादर. त्यो नुसता पाय हाय, तिवईचा तुकडा. पिता देवाचा तुकडा न्हाई. पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, पवित्र आत्मा बी पूर्ण देव. तरी देव तीन न्हाईत, एकच हाय. तिवई तितवर पुरत न्हाई."

"मग बाईंनी ती आणली कशाला?"

"बसून इचार कराया."

फादर खळखळून हसले. "बाई, या मुलांचं दृढीकरण याच वर्षी होईल," ते म्हणाले. बाईंनी पदराने डोळे टिपले. पंकजने त्याच दुपारी पाचर ठोकून माझा पाय घट्ट बसवला.

मित्रांनो, मी देवाला पुरले नाही. पण राजेश्री माझ्यापुढे गेली ती माझ्यावर बसूनच, आणि याचा मला गोठ्यातल्या तोऱ्याहूनही मोठा अभिमान आहे. म्हणून सांगते, जुनी वस्तू डुगडुगली की अडगळीत टाकू नका. तिला पाचर मारा. चपला खाली काढा. आणि निवांत बसा, विचार करायला अजून पुष्कळ उरलंय.