साच्याची कड

आमचे हे मूळचे सुतार. लाकडी यॉट बांधायच्या काळात कारखान्यात ह्यांच्या हाताला मान होता. रंधा एकदा घसरला तेव्हा डावी करंगळी वाकडी झाली, तीसुद्धा लोकांना पदकासारखी दाखवायचे. मग फायबर आलं आणि सुतारांचे दिवस भरले. बाकीचे दुसरीकडे पांगले. ह्यांनी साच्याला मेण लावायचं काम धरलं.

साचा म्हणजे चाळीस फुटांचं, यॉटच्याच आकाराचं पोकळ कवच. आतून आरशासारखं गुळगुळीत. त्यात आधी मेण, मग रंग, मग रेझिनच्या चिकात भिजवलेलं काचेचं कापड, थरावर थर. वाळलं की यॉटचं अख्खं अंग त्यातून उचलून काढायचं. मेणाची नखाएवढी जागा राहिली तरी ते साच्याला असं धरून बसतं, की दोन्ही फोडावे लागतात. म्हणून उचलण्याआधी रबरी हातोड्याने ठोकून कान द्यायचा. पोकळ वाजलं तर सुटलं, बद्द वाजलं तर चिकटलं. ह्यांच्या हातचं कधी बद्द वाजलं नाही.

पुढे मागणीच आटली. कारखान्याला कुलूप लागलं, पण ह्यांच्याकडे किल्ली होती. दर रविवारी जायचे आणि रिकाम्या साच्याला मेण लावून यायचे. मी काही सोशिक बाई नाही. एका रविवारी माझा तोल गेला. म्हटलं, "घरात जीव रमत नसेल तर जा, त्या साच्यातच राहा."

दुपारी ते साच्याच्या तळाशी सापडले. गुडघ्यांवर बसलेले, हातात फडकं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. असेल. मला मात्र माझं वाक्य सोडेना.

वर्षभराने वारं फिरलं. पैसेवाल्यांना पुन्हा समुद्र आठवला, कारखान्याचं कुलूप निघालं, आणि मुकादम माझ्या दारात आले. मेण लावणारा माणूस राहिला नव्हता. तीस वर्षं डबा पोचवताना मी ह्यांचं काम बघितलंय, हे त्यांना माहीत होतं. मी हो म्हटलं.

पहिली यॉट सुरेख सुटली. उलटी करून बघतो तर तळाला, रंगात उमटलेले दोन गुडघे आणि एक पंजा. करंगळी वाकडी.

मी साच्यात उतरून त्या जागेवरून हात फिरवला. गुळगुळीत. खड्डा नाही, ओरखडा नाही. मुकादम स्वतः पॉलिशपेपर घेऊन बसले आणि त्यांनी तो पंजा घासून टाकला. त्यांची मान घामाने भिजली होती आणि शेडमध्ये तर चांगलाच गारठा होता.

दुसऱ्या यॉटवर तेच ठसे, पण वीतभर वर. तिसऱ्यावर आणखी वर. चौथी सुटली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे वर चढत होते. एकेका यॉटमागे एकेक वीत, साच्याच्या वरच्या कडेकडे.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही, आनंद झाला. मी बोललेलं मागे घेता येत नव्हतं, पण माणूस बाहेर काढता येत होता. मेण लावताना मी साच्याशी बोलायला लागले. चला, थोडंच राहिलंय. घरी काय काय बदललंय तेही सांगायची. कामावरचे लोक मला वेडी म्हणायचे, आणि त्यांचं फार चुकत होतं असं नाही.

नवव्या यॉटवर बोटांची टोकं कडेच्या चार बोटं खाली होती. आता एकच यॉट हवी होती.

ती आलीच नाही. गिऱ्हाइकांना आता दुप्पट लांबीच्या यॉट हव्या होत्या. त्यांच्यासाठी मशीनवर कापलेला नवा साचा आला, आणि जुना सोमवारी तोडायचा ठरला. मी मुकादमांपुढे हात जोडले. आणखी एकच काढा म्हटलं.

"कोणासाठी काढू, वहिनी? गिऱ्हाईक नाही."

"ह्यांच्यासाठी."

नऊही पंजे मुकादमांनीच घासले होते. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "अख्खी यॉट कशाला हवी? कडेपाशी हातभर तुकडा काढून बघा."

रविवारी सकाळीच गेले. कडेची जागा पुसली, रंग दिला, कापड बसवलं, रेझिन पाजलं. वाळेपर्यंत समोर स्टुलावर बसून राहिले. ह्यांच्यासाठी धुतलेला शर्ट आणला होता, तो मांडीवर होता.

दुपारी तुकड्याखाली पाचर घातली. हलेना. हातोड्याने ठोकलं.

बद्द.

पुन्हा ठोकलं. बद्द. तेव्हा माझी नजर फळीवरच्या मेणाच्या डब्याकडे गेली. झाकण उघडलेलंही नव्हतं. नऊ यॉटमध्ये मी नखाएवढी जागा सोडली नव्हती, आणि ह्यांना बाहेर काढायच्या घाईत मेण लावायचंच विसरले होते.

तेवढ्यात त्या तुकड्याच्या आतून आवाज आला. बद्द. थोडं थांबून पुन्हा एकदा. सुटलं का, हे बघताना ह्यांची ठोकायची पद्धत होती, अगदी तशीच.

सोमवारी साचा तोडला. मुकादमांनी कडेचा तेवढा भाग अखंड कापून माझ्या घरी पोचवला आणि दारातूनच परत गेले. आता तो स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा आहे. रविवारी दुपारी आतून ठोकलं जातं. मी हातातलं काम टाकून उठते, माझा हातोडा घेते आणि उत्तर देते, म्हणजे मी इथेच आहे हे ह्यांना कळावं. दोघांचाही आवाज बद्दच येतो.

मग डबा उघडून मी त्या तुकड्याला मेण लावते. चिकटल्यावर वरून लावून उपयोग नसतो, हे मला ठाऊक आहे.